गाडीचे कान कापायचे का? साइड मिररच्या जागी कॅमेरा, आणि लोकांचा न बसणारा विश्वास

(पॉडकास्टच्या या भागाचं थोडं नीटनेटकं केलेलं लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मधेच वाजलेला कुकर काढून टाकलाय.)

आज सुरुवातीलाच एक छोटं काम देणार आहे. गाडी चालवताना ऐकत असाल तर आत्ता नको, घरी पोचल्यावर करा.

कपाटाच्या आरशासमोर असे उभे राहा की मागची खिडकी त्यात दिसेल. खिडकीबाहेरचं झाड, समोरच्या बिल्डिंगवरची टाकी, काहीही चालेल. आरशात त्याच्याकडे बघा. आता डोकं जरा डावीकडे न्या. मघाशी न दिसणारा भाग आरशात दिसायला लागला, बरोबर? आता फोन काढा, सेल्फी कॅमेरा सुरू करा, फोन कशाला तरी टेकवून ठेवा आणि तेच झाड स्क्रीनवर बघा. पुन्हा डोकं डावीकडे, उजवीकडे. मान अवघडेपर्यंत हलवा, पण चौकटीबाहेरचं काहीही आत येणार नाही. कॅमेऱ्याला जेवढं दिसतंय तेवढंच तुम्हाला दिसणार.

दुसरा भाग. घरात ज्यांना फक्त वाचायला चष्मा लागतो, म्हणजे शुद्ध मराठीत ज्यांना ‘चाळिशी’ लागली आहे, अशा कुणालातरी चष्मा काढायला सांगा. आरशातलं झाड त्यांना व्यवस्थित दिसेल. मग फोन त्यांच्या हातात द्या आणि तेच झाड स्क्रीनवर बघायला सांगा. मी हा प्रयोग बाबांवर केला. त्यांनी फोन जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि म्हणाले, “आरशातलं झाड लांब आहे रे. फोनमधलं झाड हातात आलंय. हातातलं मला चष्म्याशिवाय कुठे दिसतं?”

बाबांनी एका वाक्यात जे सांगितलं, त्यावर जगभरात गेली दहा-बारा वर्षं वाद चालू आहे. आजचा विषय तोच: गाडीच्या दोन्ही बाजूंचे आरसे काढून तिथे कॅमेरे बसवले, तर ते सुरक्षित आहे का? आणि लोक या कल्पनेला इतके का बिचकतात?

हे प्रकरण आहे काय

कल्पना साधी आहे. दारावरचा आरसा काढायचा. तिथे बोटभर दांडी आणि तिच्या टोकाला छोटा कॅमेरा. त्या कॅमेऱ्याला जे दिसेल ते गाडीच्या आत, दाराशी किंवा डॅशबोर्डच्या टोकाला बसवलेल्या स्क्रीनवर दाखवायचं. गाडीचे कान कापून आत दोन टीव्ही लावायचे, असं समजा.

हे स्वप्नरंजन नाही, रस्त्यावर आलेलं आहे. मोटारींच्या सुट्या भागांसाठी संयुक्त राष्ट्रांचे नियम असतात, त्यातला ४६ क्रमांकाचा नियम मागचं दिसण्याच्या साधनांबद्दल आहे. आरशाऐवजी कॅमेरा चालेल, अशी वाट त्यात मोकळी झाली आणि २०१६ च्या जूनमध्ये जपानने बिनआरशाच्या गाड्यांना परवानगी दिली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये लेक्ससने जपानमध्ये आपल्या ईएस गाडीत हे कॅमेरे दिले. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांमध्ये ही पहिली. पाठोपाठ ऑडीची ई-ट्रॉन आली, तिच्यात कॅमेरे जादा पैसे मोजून मिळायचे. २०२० मध्ये होंडा ई नावाची छोटी, गोंडस इलेक्ट्रिक गाडी आली. तिच्यात आरशाचा पर्यायच नव्हता, सगळ्या गाड्यांना कॅमेरेच. ह्युंदाईने आयोनिक ५ आणि आयोनिक ६ मध्ये काही देशांत ही सोय दिली. चीनने जुलै २०२३ पासून परवानगी दिली.

आपल्याकडे? आपल्याकडे विकली जाणारी आयोनिक ५ नेहमीच्या आरशांसकटच येते. त्यामुळे तुम्ही शोरूममध्ये जाऊन “बिनकानाची गाडी दाखवा” म्हणालात, तर सेल्समन तुमच्याकडे बघत राहील.

कंपन्यांना हे का हवंय, तेही बघू. एक कारण हवा. वेगात जाणाऱ्या गाडीला हवा अडवते आणि आरसा म्हणजे त्या हवेत दोन्ही बाजूंना धरलेली पाटी. होंडाचा दावा असा की त्यांच्या कॅमेऱ्यांमुळे आरशांपुरता हवेचा अडथळा जवळपास ९० टक्के कमी होतो. ऐकायला जबरदस्त! पण अख्ख्या गाडीच्या हिशेबात ती सुधारणा भरते ३.८ टक्के. ऑडीच्या गाडीत हवेच्या अडथळ्याचा गुणांक ०.२८ वरून ०.२७ वर आला. इलेक्ट्रिक गाडीत एकेका किलोमीटरच्या रेंजसाठी मारामारी असते, तेव्हा हेही कमी नाही. शिवाय गाडी अरुंद होते. ऑडीची रुंदी जवळपास १५ सेंटीमीटरने घटली. पुण्याच्या पेठांमधून ज्याने गाडी काढली आहे, त्याला १५ सेंटीमीटरची किंमत सांगायची गरज नाही.

दुसरं कारण, कॅमेऱ्याला जास्त दिसतं. कोन रुंद करता येतो, ब्लाइंड स्पॉट कमी होतो, अंधारात चित्र उजळ करता येतं, मागच्या गाडीचा हेडलाइट डोळ्यांवर येत नाही.

मग अडचण काय?

अमेरिकेने लोकांनाच विचारलं

या वादात लोकांचं मत अधिकृतपणे विचारलं गेलं ते अमेरिकेत. तिथे गाड्यांच्या सुरक्षेचे नियम ‘निट्सा’ ठरवते. पूर्ण नाव नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन. तिचा १११ क्रमांकाचा नियम सांगतो की गाडीला आरसा हवाच. २०१४ च्या मार्चमध्ये टेस्ला आणि मोटार कंपन्यांची संघटना यांनी अर्ज केला: आम्हाला आरशाऐवजी कॅमेरे लावू द्या.

साडेपाच वर्षं गेली. १० ऑक्टोबर २०१९ रोजी निट्साने एक सूचना प्रसिद्ध केली. हा नवा नियम नव्हता, नियमाचा मसुदाही नव्हता. “असं करावं का, तुम्हाला काय वाटतं, तुमच्याकडे काय माहिती आहे” असे प्रश्न होते, आणि उत्तरं द्यायला ९ डिसेंबरपर्यंत मुदत. कुणीही लिहावं. कंपनीने लिहावं, ट्रकवाल्याने लिहावं, रिटायर झालेल्या आजोबांनीही लिहावं.

आपल्या आधीच्या चाचण्यांत काय खटकलं होतं, तेही निट्साने त्यात सांगितलं. रात्री स्क्रीन इतक्या उजळ होत्या की पुढचा रस्ता दिसायला त्रास. मागच्या गाडीच्या हेडलाइटचा स्क्रीनवर नुसता पांढरा गोळा. आणि लेन्सवर पाणी आलं की चित्र खराब. म्हणजे लोक उगाच घाबरत नव्हते, सरकारी चाचण्यांतही तेच दिसलं होतं.

पुढे काय झालं? २०२४ संपेपर्यंत तरी नियम बदललेला नव्हता. टेस्लाची सायबरट्रक आठवते? २०१९ मध्ये तिचा नमुना दाखवला तेव्हा तिला आरसे नव्हते. २०२३ मध्ये प्रत्यक्ष गाड्या ग्राहकांना दिल्या, तेव्हा दोन्ही बाजूंना ठसठशीत आरसे होते.

आता लोकांचे आक्षेप बघू. मी त्यांची सरसकट यादी वाचणार नाही. काही आक्षेप फारच दमदार आहेत, काही ऐकायला भारी पण हिशेब केला की विरघळणारे.

आरशात खोली असते, स्क्रीनवर नसते

सगळ्यात दमदार आक्षेप बाबांचा. चाळिशीचा.

आपण सपाट आरशात बघतो तेव्हा डोळा आरशाच्या काचेवर फोकस करत नाही. मागची गाडी ५० मीटरवर असेल, तर डोळा ५० मीटरच्या हिशेबाने फोकस करतो. समोरच्या रस्त्यावरून नजर आरशात गेली तरी डोळ्यातल्या भिंगाला काही काम पडत नाही, कारण रस्ताही लांब आणि आरशातली गाडीही लांब. स्क्रीन मात्र तुमच्यापासून साधारण ६०-७० सेंटीमीटरवर. तिच्यावर बघायचं तर डोळ्याला लांबून जवळ यायचं, आणि परत रस्त्याकडे बघताना जवळून लांब जायचं. विशीतला डोळा हे न कळत करतो. पन्नाशीतल्या डोळ्याला ते जमतच नाही, म्हणून तर चष्मा.

इथे एक बारकी गोष्ट आहे, ती मला फार आवडते. आपल्या गाड्यांचे बाजूचे आरसे सपाट नसतात, किंचित फुगीर असतात. म्हणून तर त्यांच्यावर ती सूचना लिहिलेली असते, की आरशात दिसतंय त्यापेक्षा वस्तू जवळ आहे. फुगीर आरशात लांबच्या वस्तूचं प्रतिबिंब काचेच्या मागे जेमतेम अर्धा-पाऊण मीटरवर बनतं. म्हणजे डोळ्यापासून मोजलं तर सगळं मिळून दीडेक मीटर. ‘डोळा पार लांबवर बघतो’ हे फुगीर आरशाला पूर्ण लागू होत नाही. तरीही दीड मीटर आणि ६५ सेंटीमीटर यात चाळिशीवाल्या डोळ्यासाठी खूप फरक आहे. पहिल्यावर तो कसाबसा तगून जातो, दुसऱ्यावर अक्षरं आणि गाड्या दोन्ही पुसट होतात.

अमेरिकेत तर ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाटच असावा लागतो, फुगीर चालतो तो पलीकडच्या बाजूला. अमेरिकन ड्रायव्हर आयुष्यभर सपाट आरशात बघून “मागची गाडी इतकी लांब आहे” असा अंदाज करायला शिकलेला. त्याला एकदम स्क्रीन दिली तर तो जास्त कुरकुर करणार, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट खोलीची. आपले दोन डोळे किंचित वेगळी चित्रं बघतात, त्यातून मेंदूला अंतर कळतं. आरशातही दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं दिसतं, त्यामुळे थोडी तरी खोली जाणवते. कॅमेरा एकच, स्क्रीन सपाट, दोन्ही डोळ्यांना तेच चित्र. मग मागची गाडी किती लांब हे फक्त तिच्या आकारावरून ओळखायचं. आणि आकार तर कॅमेऱ्याच्या कोनावर अवलंबून! कोन रुंद केला की ब्लाइंड स्पॉट कमी, पण गाडी लहान, म्हणजे लांब वाटणार. कंपनी ज्याला फायदा म्हणते त्यातूनच हा तोटा निघतो, ही गंमत बघा.

तिसरी गोष्ट तुम्ही कपाटासमोर केलीत ती. आपण गाडी वळवताना किंवा रिक्षा कुठे लपलीये ते बघायला सहज मान पुढे काढतो. कुणी शिकवलेलं नसतं, हात स्टिअरिंगवर जातात तशी मान जाते. स्क्रीनसमोर मान काढून काही उपयोग नाही. शरीराला लागलेली सवय अचानक निकामी होते. मग लोक “मला सुरक्षित वाटत नाही” म्हणतात आणि कंपनीचा माणूस त्यांना कोनाचे आकडे दाखवतो. दोघंही खरं बोलत असतात, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. कॅमेऱ्याला किती दिसतं हा एक प्रश्न. त्यातलं माझ्यापर्यंत किती पोचतं, हा दुसरा. लोक दुसरा विचारतात, उत्तर मात्र पहिल्याचं मिळतं.

स्क्रीन लावायची कुठे

यात ऑडीची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांनी स्क्रीन दारात बसवली, खिडकीच्या काचेच्या खाली. गाडी चालवून बघितलेल्या अनेक परीक्षकांनी एकच तक्रार केली: नजर सवयीने जुन्या जागी, खिडकीबाहेर जाते. तिथे दांडी दिसते. मग नजर खाली उतरवून स्क्रीन शोधायची. लेक्ससने स्क्रीन पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांपाशी लावली, तिथे नजर साधारण आरशाच्याच दिशेने राहते. होंडाने डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांना ठेवली. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात एवढं तरी आहे की उजवीकडचं चित्र ड्रायव्हरच्या उजवीकडेच हवं. नाहीतर कुणीतरी दोन्ही चित्रं मधल्या टॅबवर दाखवून मोकळं झालं असतं!

म्हणून ‘कॅमेऱ्याचे आरसे वाईट’ असं सरसकट मत ऐकलं की मी विचारतो, कुठल्या गाडीतले? वाईट जागी लावलेल्या स्क्रीनवरून अख्ख्या तंत्रज्ञानाबद्दल मत बनतं. आणि पहिलं मत एकदा बनलं की ते बदलणं किती अवघड, हे घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला नवीन फोन शिकवताना कळतं.

लॅगची भीती

आता विरघळणारा आक्षेप. “चित्र उशिरा आलं तर?” तुम्ही गेम खेळणारी मंडळी आहात, लॅग शब्द ऐकल्यावर तुमच्या अंगावर काटा येतो. तर नियमानुसार हा उशीर २०० मिलिसेकंदांपेक्षा कमी हवा आणि एरवी सेकंदाला किमान ३० चित्रं दिसायला हवीत.

२०० मिलिसेकंद म्हणजे किती? समजा एक्स्प्रेसवेवर तुम्ही ताशी ८० ने चालला आहात आणि उजव्या लेनमधून एक पठ्ठ्या १२० ने येतोय. (१२० ने जायचं नसतं, पण पठ्ठ्या आहे.) दोघांच्या वेगातला फरक ४०, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. २०० मिलिसेकंदांत तो स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा सव्वादोन मीटर जवळ आलेला असेल. अर्धी गाडी. अर्ध्या गाडीच्या हिशेबावर तुम्ही लेन बदलत असाल, तर दोष कॅमेऱ्याचा नाही. ठरवायला आणि स्टिअरिंग फिरवायला लागणारा एखादा सेकंद धरला तर त्यात तो ११ मीटर पुढे येतो. त्या मानाने लॅग किरकोळ.

बंद पडला तर

पण याच्याच शेजारी बसलेला आक्षेप किरकोळ नाही. आरसा बंद पडत नाही. तडा गेला तरी त्यात अर्धंमुर्धं दिसतं. धूळ बसली तर काच खाली करून हाताने पुसता येते. कॅमेऱ्याची लेन्स नखाएवढी, चिखलाचा एक शिंतोडा तिला पुरतो. लेन्सला पाणी न चिकटणारा थर देतात, गरम करायची सोय करतात, पण मागच्या टायरने उडवलेल्या चिखलाला हे सगळं वाचून दाखवता येत नाही.

आणि खरी भीती काळ्या स्क्रीनचीही नाही. काळी स्क्रीन झाली तर निदान कळतं. भीती गोठलेल्या चित्राची. रिकाम्या हायवेचं चित्र गोठलं, तर ते रिकाम्या हायवेसारखंच दिसतं ना! यंत्रणा चालत नसेल तर ते ड्रायव्हरला कळलं पाहिजे, अशी अट नियमात आहे, आणि ती असायलाच हवी. पण व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस गोठलाय की नुसता शांत बसलाय हे कळायला आपल्याला किती वेळ लागतो, ते आठवा. लोकांच्या मनात ही भीती बसलीये ती त्यांच्या रोजच्या अनुभवातून, अडाणीपणातून नाही.

खर्च हाही सुरक्षेचाच भाग आहे, हे फार कमी जण बोलतात. बाईकवाल्याने आरसा उडवला तर काच बदलून आपण दुपारपर्यंत घरी. कॅमेरा, त्याची वायरिंग, स्क्रीन यातलं काही गेलं आणि भाग मिळायला वेळ लागला, तर माणूस तशीच गाडी चालवणार. एका डोळ्याने.

एक आक्षेप सायकलवाल्यांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या बाजूचा. काही देशांत ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं: तुला माझा आरसा दिसत नसेल, तर मला तू दिसत नाहीस. आरसा दोन्हीकडून चालतो. सायकलवाल्याला आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसला की कळतं, याने मला बघितलं असू शकतं. कॅमेऱ्याकडे बघून काहीच कळत नाही. हा संवाद तुटतो आणि तो कुठल्याच तक्त्यात मोजला जात नाही.

पण ट्रकवाले?

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल मी आरशाचा वकील आहे. तसं नाहीये. ट्रकची गोष्ट ऐका.

लांब ट्रेलर वळतो तेव्हा त्याचा पुढचा भाग एका दिशेला, मागचा दुसऱ्या. अशा वेळी ड्रायव्हरला आरशात स्वतःच्याच ट्रेलरची भिंत दिसत राहते. कॅमेऱ्याचं चित्र मात्र वळणाबरोबर सरकवता येतं, म्हणजे ट्रेलरचं शेवटचं टोक नजरेत राहतं. शिवाय ट्रकचे आरसे केवढे मोठे, बघितलेत ना? त्या आरशांच्या आड चौकात माणूस लपू शकतो. आरसे गेले की तेवढी जागा मोकळी दिसते. इथे कॅमेरा हवेचा अडथळा वाचवतो म्हणून चांगला नाही, तो माणूस वाचवू शकतो म्हणून चांगला आहे.

मर्सिडीजने २०१८ मध्ये ॲक्ट्रॉस ट्रकसाठी ही यंत्रणा जाहीर केली. अमेरिकेत गाड्यांना परवानगी नाही, पण ट्रक चालवण्याच्या नियमांची संस्था वेगळी आहे. तिने २०१९ च्या फेब्रुवारीत एका कंपनीच्या कॅमेरा यंत्रणेला आरशांऐवजी वापरायची पाच वर्षांची सूट दिली.

आणि ॲक्ट्रॉसचं पुढे काय झालं बघा. २०२२ मध्ये त्यांनी सुधारित यंत्रणा आणली आणि कॅमेऱ्याच्या दांड्या दोन्ही बाजूंनी १० सेंटीमीटरने आखूड केल्या. त्यामुळे कॅमेऱ्याची नजर जुन्या आरशाच्या नजरेसारखी झाली आणि सरळ रिव्हर्स घेणं सोपं झालं, असं कंपनीनेच सांगितलं. म्हणजे नव्या तंत्रज्ञानाने काय केलं, तर दोन पावलं मागे येऊन आरशाची नक्कल केली! मला हा या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात शहाणा बदल वाटतो.

सवयीचा प्रश्न किती?

जर्मनीची सरकारी रस्ते संशोधन संस्था ‘बास्ट’ हिने गाड्या आणि ट्रक दोन्हींवर अभ्यास करून २०१५ मध्ये अहवाल दिला. निष्कर्ष असा: ठरावीक दर्जा पाळणाऱ्या यंत्रणा ड्रायव्हरला मागचं पुरेसं दाखवू शकतात, काही बाबतींत आरशापेक्षा जास्तही. सवय व्हायला वेळ लागतो, पण तो तसा कमी, आणि त्या काळात धोकादायक प्रसंग येतीलच असं नाही.

यातला ‘ठरावीक दर्जा पाळणाऱ्या’ हा तुकडा मोठ्याने वाचायचा. सगळा जीव त्यात आहे.

सवयीबद्दल बोलायचं तर आरशाचाही इतिहास गमतीदार आहे. १९०९ मध्ये डोरोथी लेव्हिट या इंग्लंडमधल्या मोटारचालक बाईंनी बायकांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिलं. त्यात सल्ला होता की हातात धरायचा छोटा आरसा जवळ ठेवा, मागचं बघायला उपयोगी पडतो. १९११ मध्ये इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. तेव्हा प्रत्येक गाडीत ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसायचा आणि मागून कोण येतंय ते ओरडून सांगायचा. रे हॅरून याची गाडी एकट्याची. बाकीच्यांनी तक्रार केली, हा सगळ्यांना धोका आहे, याला मागचं दिसणार कसं? त्याने गाडीवर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. पुढे त्याने सांगितलं म्हणतात, की ट्रॅक विटांचा होता आणि आरसा इतका थडथडत होता की त्यात काहीच दिसलं नाही!

म्हणजे ज्या आरशावर आज आपला डोळे झाकून विश्वास आहे, तोही सुरुवातीला बाकीच्यांची तोंडं बंद करायला लावलेली वस्तू होता. विश्वास नंतर बसला, काचा आणि बसवण्याच्या पद्धती सुधारल्यावर.

आधी जोडा, मग काढा

आता माझं मत. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

गाडीतल्या कॅमेऱ्यांना लोकांचा विरोध नाहीये. रिव्हर्स कॅमेरा बघा. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. त्यामागचा कायदा २००८ चा. मागे घेताना स्वतःच्याच वडिलांच्या गाडीखाली सापडलेल्या दोन वर्षांच्या मुलाचं नाव त्याला दिलेलं आहे. लोकांनी तो कॅमेरा स्वीकारला. का? जिथे आरशाला काहीच दिसत नव्हतं तिथे तो आला, आणि येताना काही काढून घेतलं नाही.

आपल्याकडे होंडा सिटीत डाव्या आरशाखाली कॅमेरा आहे, लेनवॉच म्हणतात त्याला. डावा इंडिकेटर दिला की मधल्या स्क्रीनवर डाव्या बाजूचं चित्र येतं. नव्या क्रेटासारख्या गाड्यांत हेच चित्र स्पीडोमीटरच्या जागी दिसतं. ज्यांच्याकडे या गाड्या आहेत त्यांना विचारा, डावीकडून घुसणाऱ्या स्कूटरसाठी ही सोय किती आवडते. आरसा जागेवर आहे, कॅमेरा वर जादा. चिखल उडाला तरी काच आहे, बाबांचा चष्मा घरी राहिला तरी काच आहे.

मला वाटतं पुढची काही वर्षं गाड्यांमध्ये हेच व्हावं. ट्रकमध्ये कॅमेरा आरशाची जागा घेऊ दे, तिथे त्याचं काम खरोखर मोठं आहे. गाडीत मात्र तीन-चार टक्क्यांच्या बचतीसाठी, चिखलातही काम करणारी, चाळिशीतही दिसणारी काच काढून घ्यायची घाई कशाला? काढायचीच असेल तर आधी पन्नाशीच्या पुढचे ड्रायव्हर रात्रीच्या पावसात त्या स्क्रीनसमोर बसवा, आणि त्यांना काय दिसलं ते छापा. फॅशन शोसारख्या उजेडात काढलेले फोटो नकोत.

आणि हो, होंडा ई. तिचं उत्पादन २०२४ च्या सुरुवातीला थांबलं. कॅमेऱ्यांमुळे नाही. किंमत जास्त, रेंज कमी, हे रडगाणं इलेक्ट्रिक गाड्यांचं नेहमीचंच, त्यावर आपण वेगळा भाग करू.

जाता जाता एक आठवण. टाटा नॅनो आली तेव्हा तिच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलला आरसा एकच होता, ड्रायव्हरच्या बाजूला. डावीकडचा दिलाच नव्हता, पैसे वाचवायला. आपण त्यावर तेव्हा फारसं बोललो नाही. एरवीही आपल्याकडे निम्म्या दुचाकींचे आरसे घरी कपाटात असतात, आणि उरलेल्यांचे केस विंचरायला. तेव्हा तुमच्या गाडीला सध्या जे काही आहे, त्यात शेवटचं कधी बघितलंत?

कपाटासमोरचा प्रयोग मात्र करा. घरातल्या चाळिशीवाल्यांना काय दिसलं, ते व्हॉइस मेसेजवर पाठवा. वय सांगा, नाव नको. पुढच्या भागाच्या सुरुवातीला त्यातले काही ऐकवतो. भेटू!